पालखी जड का झाली

एकदा काय झालं, हौसाक्का खरं बोलली आणि अख्ख्या डोंगरावर तिचं कुणी ऐकलं नाही. कुणीच नाही! आता पाय पोटाशी घ्या, चुळबुळ बंद करा, आणि तुम्ही तरी ऐका.

डोंगरावर भैरोबाचं देऊळ. पायथ्याला, तळ्याच्या काठी, त्याच्या बहिणीचं, जानाईचं. वर्षातून एकदा, चैत्राच्या पुनवेला, भैरोबा पालखीत बसून बहिणीला भेटायला उतरायचा. दिवस मावळायच्या आत पोचायचं, बरं का. तोवर बहीण उपाशी, गाव उपाशी.

हौसाक्काकडं पाण्याचा मान. चैत्रातलं ऊन, माणसं अनवाणी, पायऱ्या तव्यासारख्या. पालखीपुढं पाणी शिंपत ती उतरायची. तिच्या आजीनं शिंपलं, आईनं शिंपलं. पण रोजची पहिली घागर कुणाला? देवळापुढच्या दगडी कासवाला. असेल परातीएवढं. त्याच्या पाठीवर घागर ओतायची आणि मगच बाकीचं पाणी.

त्या वर्षी देवळाच्या टाकीत पाणी थोडं. शिदोजी कारभारी म्हणाला, "दगडाला कसली आलीय तहान? पहिली घागर माझ्या घोडीला!" हौसाक्का कडाकडा भांडली. त्यानं घागर हिसकून घेतली. असे नऊ दिवस गेले.

मग पुनवेच्या सकाळी हौसाक्का बघते तर काय! कासव उठलं. एक पाय काढला, दुसरा काढला, आणि डुलत डुलत गेलं ते थेट सजवलेल्या पालखीत, गादीखाली.

"अहो, कासव पालखीत शिरलं!"

"दगड कुठं चालतो का, हौसाक्का?" पुजारी म्हणाला. "ऊन लागलंय तुला."

"ऊन तुझ्या टकलाला लागलंय! जागा बघ त्याची, रिकामी आहे."

पण त्या जागेवर गुलाल गुडघाभर पडलेला. खालचं काही दिसेना. आणि पुजाऱ्यानं तर देव गादीवर बसवलासुद्धा. देव एकदा बसला की बहिणीच्या दारापर्यंत गादीला हात लावायचा नाही. अशी तिथली रीत. झालं!

मग आठ भोई लागले. पालखी हलेना.

मग सोळा लागले. नारळ फुटले, हलग्या वाजल्या. पालखी हलेना.

मग सगळा गाव लागला. दांडी करकरली, पालखी जागची हलेना. दिवस कलायला लागला. बायका रडकुंडीला आल्या. देव रुसला म्हणायचा! कुणावर रुसला?

शिदोजी कारभारी सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "हिच्यावर! सकाळपासून देवाच्या पालखीबद्दल वेडंवाकडं बोलतेय. घागर काढून घ्या हिची. पाण्याचा मान बंद, कायमचा!"

हौसाक्काचं तोंड पांढरं पडलं. आजीचा मान, आईचा मान, आणि आपल्या हातनं गेला? वर एकच घागर उरली होती, पायऱ्यांवर शिंपायची. तिनं ती उचलली, कमरेवर घेतली.

"ही एवढी ओतते, मग घ्या तुमची घागर," ती म्हणाली.

"अगं, पायऱ्यांवर ओत! पाय भाजतील लोकांचे!"

तिनं ऐकलं नाही. त्यांनी तरी तिचं कुठं ऐकलं होतं? हातानं गुलाल सारला. खाली खड्डा, रिकामा! आणि त्या खड्ड्यात तिनं पाणी ओतलं. सावकाश. गळ गळ गळ.

मग पालखीची झूल हलली. झुलीखालून एक दगडी नाक बाहेर आलं. मग मान आली. मग आख्खं कासव धप्पदिशी खाली उतरलं, नि लोकांच्या पायांमधून चालत आपल्या खड्ड्यात जाऊन बसलं. डोळे मिटून पाणी प्यालं.

"हुश्श," कासव म्हणालं. "नऊ दिवस घसा कोरडा. म्हटलं, देव बहिणीकडं चाललाय, तिच्या तळ्यावर आपणही उतरावं." एवढं बोललं आणि पुन्हा दगड झालं.

पुजारी टक्कल खाजवत राहिला. भोयांनी दांडीला हात लावला मात्र, पालखी फुलासारखी उचलली! आणि गंमत ऐका. कासवाच्या खड्ड्यातलं पाणी काठावरून सांडलं, पहिल्या पायरीवर आलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एका घागरीत आख्खा डोंगर भिजला. कुणाचा पाय भाजला नाही. सूर्य हातभर वर होता तेव्हा भैरोबा जानाईच्या दारात पोचला. बहिणीनं ओवाळलं, गाव जेवला.

घागर हौसाक्काच्याच कमरेवर राहिली. आणि तेव्हापासून दर चैत्रात कासवाची पहिली घागर कारभारी स्वतः जानाईच्या तळ्यावरनं खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा, आणि घोडी मागून रिकामी, मजेत शेपूट हलवत यायची.

ते सगळे सुखात राहिले, तुम्हीही राहा. पाणी प्यालात ना? मग मिटा डोळे. आणि उद्या कुणी विचारलं, पालखी कुणामुळं अडली, तर नीट सांगायचं. हौसाक्कामुळं नाही, बिचाऱ्या कासवामुळं नाही, देवामुळं तर नाहीच नाही. पालखी अडवली ती शिदोजी कारभाऱ्यानं.