सहा महिन्यांचा गोंद

“पण उस्ताद, चांगलं व्हिनाइल कोणतं, एवढं तरी सांगाल का नाही?”

“कशावर लावायचंय?”

“गाडीवर!”

“कुठल्या?”

मल्लिनाथने कपाळावर हात मारला. पुण्याला तीन महिन्यांचा कोर्स करून तो सोलापुरात परतला होता. गाड्यांना व्हिनाइल, म्हणजे जाहिरातीचं चिकट प्लास्टिक, कसं चढवायचं, याचं सर्टिफिकेट त्याने काचेत मढवून उस्तादांच्याच दुकानात टांगलं होतं, तेही पंख्याच्या समोर, म्हणजे धूळ बसणार नाही.

याकूब उस्तादांकडे सर्टिफिकेट नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी ब्रशने पाट्या रंगवल्या, मग व्हिनाइलचे रोल आले, तेही शिकून घेतले. त्यांनी रंगवलेल्या केळ्यांच्या पाटीवर माकडं येऊन बसत, असं लोक सांगतात. मी स्वतः एकच माकड पाहिलं, तेव्हा जास्त बोलत नाही.

गाडी दारातच उभी होती. रत्नाबाई क्षीरसागरांचा टेम्पो. आंब्याच्या सरबताच्या एका कंपनीने त्याची बाजू सहा महिन्यांसाठी भाड्याने घेतली होती. त्या पैशांत घरावर नवे पत्रे पडणार होते. बाई दुकानाच्या पायरीवर बसून होत्या.

“माझ्याकडे ओतीव माल आहे, उस्ताद. कास्ट. मडगार्डच्या वळणावरसुद्धा कातडीसारखा बसतो. सात वर्षं हलायचा नाही. तुमचा तो लाटलेला स्वस्त माल उन्हात आक्रसतो.”

“टेम्पोची बाजू वळणाची आहे?”

“...सपाट आहे.”

“सहा महिन्यांत किती आक्रसेल?”

“नखाएवढा. पण त्याचा गोंदही कच्चा! चिकटायचं तर पक्कं चिकटावं ना?”

उस्तादांनी चष्मा पुसला.

“बाजूवर काय लिहिलंय, वाचलंस?”

“जुना रंग आहे. झाकला जाईल.”

तेव्हा पायरीवरून रत्नाबाई पहिल्यांदा बोलल्या.

“झाकू दे की बाबा. काढून नेऊ नको म्हणजे झालं.”

मल्लिनाथने मान वळवली आणि आठवडाभरात पहिल्यांदा तो टेम्पो वाचला.

वाकड्या निळ्या अक्षरांत वर लिहिलं होतं: धक्का मारणाऱ्यांचे आभार. त्याखाली नावं. नुसती नावं.

हा टेम्पो बंद पडण्यात पटाईत होता. उतारावरसुद्धा बंद पडायचा. बाईंचे मालक, दिगंबर क्षीरसागर, ज्याने ज्याने धक्का मारला त्याचं नाव घरी येऊन टेम्पोवर लिहायचे. एकशे बेचाळीस नावं झाली. त्यांत एक तहसीलदार, एक अख्खी वरात आणि मंगळवेढ्याजवळ भेटलेला एक बैल. बैलाच्या नावापुढे ‘राव’ लावलेलं होतं. सर्जेराव. तहसीलदाराच्या नावापुढे काही नव्हतं.

“मी म्हटलं होतं, अक्षरं सरळ करून देतो,” उस्ताद म्हणाले. “नको म्हणाला. धक्का मारताना माणूस वाकडाच असतो म्हणाला.”

दिगंबरराव जाऊन तीन वर्षं झाली होती. टेम्पो आता बाई चालवत. तीन वर्षांत त्यावर एकही नाव चढलं नव्हतं. खाली हातभर जागा तशीच होती.

मल्लिनाथने नावं खालपर्यंत वाचली. पण कोर्स तीन महिन्यांचा होता, इतक्या लवकर उतरतो कसला.

“काही होत नाही, उस्ताद. गरम हवा देऊन सोलला की निघतो.”

“बरं.” उस्तादांनी भिंतीवरचं सर्टिफिकेट काढलं, काच बाजूला ठेवली आणि कागद त्याच्या पुढ्यात सरकवला. “तुझा तो सात वर्षांचा माल. लाव यावर.”

“यावर?”

“मग सोलून दाखव.”

मल्लिनाथने तुकडा कापला. मागचा कागद काढला. गोंद चकाकत होता. हात सर्टिफिकेटच्या वर आला, आणि...

तिथेच राहिला.

“फाटेल, उस्ताद.”

पंखा फिरत होता. कागदाचा कोपरा थरथरत होता, त्यावर मल्लिनाथचं नाव होतं.

त्याने तो तुकडा चुरगळून फेकला. आत गेला. बऱ्याच वेळाने आला तो कोपऱ्यातला रोल खांद्यावर घेऊन. लाटलेला, स्वस्त, कच्च्या गोंदाचा. ज्याला आठवडाभर तो नावं ठेवत होता तोच.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने एक पट्टी कापून आपल्या नावावर लावली. अंगठ्याने दाबली. गरम हवा दिली. मग श्वास रोखून हळूहळू सोलली.

नाव जागेवर होतं.

“कागद वेगळा, रंग वेगळा,” तो आपणहूनच म्हणाला. “टेम्पोवरचं एखादं नाव आधी बघायला पाहिजे. पण कुणाचं...”

रत्नाबाई उठल्या. यादीतल्या पहिल्याच नावावर त्यांनी बोट ठेवलं. सौ. रत्ना.

“माझ्यावर लाव. या टेम्पोला मी सगळ्यात जास्त ढकललंय, मला सवय आहे.”

पट्टी लागली. उन्हात तासभर राहिली. तो तासभर मल्लिनाथने चहासुद्धा घेतला नाही.

मग त्याने ती सोलली. पट्टी उलटी करून त्याने उजेडात धरली. निळ्या रंगाचा एक कणही तिच्यावर नव्हता.

बाईंनी आपल्या नावावरून पदर फिरवला. “देव तुझं भलं करो,” एवढंच म्हणाल्या.

दुपारपर्यंत एकशे बेचाळीस नावांवर एक पिवळाधमक हसरा आंबा बसला. कडा नीट, बुडबुडा एकही नाही. मल्लिनाथने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि, खरं सांगतो, स्वतःचं कौतुक केलं नाही.

बाई टेम्पोत चढल्या. किल्ली फिरवली.

टेम्पो खोकला, हसला आणि बंद पडला.

मल्लिनाथने बाह्या सरसावल्या. मागून खांदा लावला. उस्ताद शेजारी आले. यादीत सतरावं नाव त्यांचंच होतं. दोघांनी मिळून ढकलला, वाकडे होऊन, थेट चौकापर्यंत. तिथे टेम्पोला एकदाची दया आली. बाईंनी खिडकीतून हात हलवला आणि आंबा हसत हसत विजापूर रस्त्याला लागला.

मल्लिनाथ गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता.

“उस्ताद... सहा महिन्यांनी तो सोलायला मीच जाईन.”

“जा,” उस्ताद म्हणाले. “निळा रंग आणि ब्रश घेऊन जा.”