थडग्याच्या नळीतून आलेला निरोप

राजा मेसनिगला मरणाची घाई नव्हती, पण तयारी मात्र जोरात चालली होती. युफ्रेटिस नदीकाठच्या त्या शहरात राजा मेला की त्याच्या सेवेकऱ्यांनी नटूनथटून विषाचा पेला प्यायचा आणि त्याच्या शेजारी थडग्यात आडवं व्हायचं, असा रिवाज होता. पाताळात राजाचं अडायला नको ना! पुजाऱ्याने बरोबर न्यायची माणसं निवडली. त्यात जवाची दारू करणारी गेमेबाही होती.

जन्मभर दारू राजाने प्यायची आणि शेवटी विष आपण, हा कुठला न्याय? गेमेबा तडक दरबारात गेली. थोरल्या महाराजांबरोबर एवढी माणसं गेली, त्यांचा तिथे काही उपयोग झाला का, असं तिने अदबीने विचारलं.

राजा मुलखाचा हट्टी. म्हणाला, "तूच विचारून ये. संध्याकाळपर्यंत बाबांचा निरोप आण. नाही आणलास तर पेला आजच पी."

मेलेल्या माणसाचा निरोप आणायचा कसा? पण थोरल्या महाराजांच्या थडग्यात मातीची एक नळी सोडलेली होती. दर अमावस्येला तिच्यातून दारू ओतायची आणि पुजाऱ्याने कान लावून निरोप ऐकायचा. निरोप दर वेळी एकच असे, पुजाऱ्याकडे लठ्ठ मेंढा पाठवा. गेमेबाने घागरभर दारू ओतली, नळीला कान लावला आणि दरबारात परत आली.

"थोरले महाराज वैतागलेत. सेवेकरी पाठवूच नका म्हणतात. तिथे त्यांचं कुणी ऐकत नाही. स्वयंपाकी म्हणतो, हाताने करून खा. गाडीवान दिवसभर घोरत पडतो."

"मग बाबा दम का देत नाहीत? जीव घेईन म्हणावं!"

"दिला ना, महाराज. तर सगळे हसायला लागले. म्हणाले, तो तर येतानाच घेतलात, आता काय घेणार?"

पुजारी उसळला. नळीतून असलं काही ऐकू येत नाही, बाई खोटं बोलते, म्हणाला.

राजाने त्याच्याकडे वळून पाहिलं. "मग मेंढे कोण मागतं?"

मीही हेच ऐकलं होतं, सांगायचं धाडस होत नव्हतं, असं पुजारी पुटपुटला.

राजा पोट धरून हसला. आपल्याबरोबर मातीच्या बाहुल्या पुरा, त्या निदान उलट उत्तर देत नाहीत, असं त्याने फर्मावलं. गेमेबाला त्याने नदीकाठची खजुराची बाग दिली आणि वर पुजाऱ्याच्या वाड्यातले सगळे मेंढे!