नव्वद टक्के

एका छोट्या विमान कंपनीत नवे पायलट निवडायचं काम मुख्य पायलट नलिनी टिपणीस यांच्याकडे होतं. मालक शिरोळेसाहेबांचा भाचा अभिराम परीक्षेला बसला. सिम्युलेटरवर त्याने दहा वेळा विमान उतरवलं. नऊ वेळा नीट उतरलं, एकदा कोसळलं. टिपणीसबाईंनी त्याला नापास केलं.

साहेब तणतणत त्यांच्या केबिनमध्ये आले. "अहो, नव्वद टक्के मिळालेत त्याला. पास करा, नाहीतर ही खुर्ची सोडा."

बाईंनी शांतपणे पेन उघडलं. "करते सही. फक्त उद्यापासून आपल्या तिकिटांवर छापून घ्या, 'नव्वद टक्के पोहोचवू.'"

साहेब स्वतःशीच हसले आणि अभिरामला पुन्हा सरावाला पाठवलं.

चार महिन्यांनी त्याने दहाच्या दहा वेळा विमान अलगद उतरवलं. बाईंनी आनंदाने सही केली, आणि त्याच्या पहिल्या फेरीला साहेब त्याच विमानात निर्धास्त झोपले.