ठिपक्यांचं झाड

त्या राज्यात एकच झाड होतं आणि झाडाजवळ एकच तळं. वरच्या फांद्यांवर पांढरे बगळे राहत, खालच्या फांद्यांवर काळी पाखरं. काळ्या पाखरांच्या पाठीवर पांढरे ठिपके असत. ते अंड्यातूनच येतात असं वर मानत, आणि खालीही तसंच मानत.

पाण्याचे नियम ठिपक्यांवरून ठरले होते. सकाळचं नितळ पाणी बगळ्यांचं. एक ठिपका असलेल्यांनी दुपारी प्यायचं, दोन-तीनवाल्यांनी ऊन कलल्यावर. त्याहून जास्त ठिपके असलेल्यांच्या वाट्याला संध्याकाळी तुडवलेला चिखल येई. एकठिपके दोनठिपक्यांशी सोयरीक करत नसत. "आमचा आपला एकच आहे," असं म्हणताना त्यांची मान जरा ताठ होई. पण जराच. कारण मान वर करून फांद्यांकडे बघणं हा त्या झाडावरचा सगळ्यात मोठा उद्धटपणा होता. पिल्लाला उडायला शिकवण्याआधी आया त्याला खाली बघायला शिकवत.

काजळी नावाच्या पाखरीला सहा ठिपके होते. तिचं पहिलं पिल्लू चिखल पिऊन आजारी पडलं आणि आठ दिवसांत गेलं. शेजारणी म्हणाल्या, सहा ठिपक्यांच्या पोटचं ते, किती टिकणार. काजळीने ते ऐकून घेतलं.

मग वादळात तिचं घरटं पडलं. तिने तळ्याच्या पलीकडच्या दरडीत एक बीळ शोधलं आणि दुसरं पिल्लू तिथे वाढवलं. त्याला पंख फुटले, पाठ काळीभोर झाली. पाठीवर एकही ठिपका नव्हता.

"काहींना उशिरा येतात गं," शेजारची एकठिपकी तिला म्हणाली. "उगाच आशा लावून बसू नकोस."

पण चिखल पिऊन याही पिल्लाचं पोट बिघडलं होतं. ते रोज थोडं हलकं होत होतं. चौथ्या दिवशी सकाळी काजळी त्याला घेऊन झाडाखाली आली. तिथल्या धोंड्यावर ठिपके तपासणारा म्हातारा बगळा बसे. बिनठिपक्याचं पिल्लू आलंय हे कळताच सगळी काळी पाखरं तळ्याकाठी जमली आणि रिवाजाप्रमाणे माना खाली घालून उभी राहिली.

बगळ्याने पिल्लाचं एकेक पीस उचलून पाहिलं. परत पाहिलं.

"कुणाचं हे?"

"माझं, महाराज."

"तुझं? मग ठिपके असणारच. उभं राहू दे इथे. येतील."

पिल्लू उन्हात उभं राहिलं. त्याचे पाय लटपटत होते. समोर पाणी होतं आणि बगळे ते पीत होते. पिल्लू झाडावर वाढलं नव्हतं, त्यामुळे त्याला रिवाज माहीत नव्हता. ते वर बघत होतं.

"आई, त्या काकांनी शेपटी उचलली," ते म्हणालं.

टप्पकन आवाज झाला. पिल्लाच्या पाठीवर एक पांढरा ठिपका पडला.

"आला," बगळा म्हणाला. "एकच आहे. दुपारी आण. नशीबवान आहेस, तुझ्यापेक्षा पाच कमी."

काजळीने मान वर केली. फांदीवरून फांदीवर नजर नेत ती शेंड्यापर्यंत बघत राहिली. आठ दिवस तडफडलेलं ते पहिलं पिल्लू तिच्या डोळ्यांपुढे होतं.

"माझं लेकरू यासाठी गेलं?" ती एवढंच म्हणाली.

"मान खाली," बगळा म्हणाला.

काठावरच्या पाखरांच्या माना खालीच होत्या. त्यांच्यासमोर सकाळचं नितळ पाणी होतं, जे त्यांनी आजवर या वेळी पाहिलंच नव्हतं. त्यात वरच्या फांद्या उलट्या होऊन स्वच्छ दिसत होत्या. फांद्यांवर ओळीने शेपट्या होत्या. त्यातली एक उचलली गेली.

काजळीने पिल्लाला चोचीने पुढे ढकललं. ते पाण्याशी गेलं आणि प्यायला लागलं.

"हाकला त्याला," बगळा ओरडला. कुणी हललं नाही. पिल्लू पोटभर प्यालं. मग काजळी स्वतः पाण्यात उतरली, पंख पसरून बुडी मारली. एक ठिपका विरघळला, मग दुसरा. चारठिपके उतरले, तीनठिपके उतरले. शेजारची एकठिपकी मात्र काठावरच रेंगाळली. आपल्या त्या एका ठिपक्याकडे तिने मान वळवून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग डोळे मिटून तीही उतरली. पाणी पिणारे बगळे उडून फांद्यांवर गेले.

"विटाळलं," वरून ओरडा सुरू झाला. "पाणी विटाळलं."

काळी पाखरं काठावर येऊन पंख झटकू लागली. कुठली कितीठिपकी होती ते आता कुणालाही सांगता आलं नसतं. तळ्यावर पांढरा दाट तवंग तरंगत होता. बगळे फांद्यांवरून वाकून त्याच्याकडे बघत होते. ऊन चढत गेलं, त्यांचे गळे सुकत गेले, पण त्या पाण्याला चोच लावायला एकही बगळा खाली उतरेना.