अकरा दुकानांचा भाव

एकदा एका बंदराच्या गावी एक वृद्ध आचार्य राहत. त्यांचा एक शिष्य बुद्धीने तल्लख, पण स्वभावाने महासंशयी. दूध घेतले तरी आधी त्यातले पाणी शोधणारा. त्याच्या बहिणीची दृष्टी मंदावत चालली होती. तिचे औषध परदेशी गलबतावरच मिळे, तेही परदेशी नाण्यांत. किंमत पाच नाणी. गलबत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटणार होते.

शिष्याजवळ तीनशे वीस रुपये होते. पहिल्या सराफाने एका नाण्याचा भाव साठ रुपये सांगितला. "हा नक्की लुबाडतोय," असे मनाशी म्हणत शिष्य पुढच्या दुकानी गेला, मग त्याच्या पुढच्या. अशी अकरा दुकाने झाली. प्रत्येक ठिकाणी त्याने बहिणीचे डोळे, गलबताची वेळ, सारे सांगितले, आणि घेतले काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तर सगळीकडे भाव पंच्याऐंशी!

"गुरुजी, सगळे चोर एक झालेत," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

आचार्यांनी फडताळातून एक परदेशी नाणे काढले. ते मिळाले तरी उरलेली चार घ्यायला आपल्याला वीस रुपये कमीच पडणार, असा हिशेब शिष्याने केला. पण आचार्य ते नाणे घेऊन सराफकट्ट्यावर गेले आणि दुकानोदुकानी विचारू लागले, "हे विकायचे आहे. काय द्याल?" दुकानागणिक भाव उतरत चालला, पण दहा दुकाने झाली तरी विकेनात. शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारा नफ्याच्या मागे लागला की काय? अखेर अकराव्या दुकानी त्यांनी ते बासष्टला विकले, सर्वांत कमी भावाने. थोड्या वेळाने त्याच दुकानी शिष्याला चौसष्टने पाच नाणी मिळाली. पै न पै संपली, पण औषध हाती आले.

परतताना आचार्य म्हणाले, "काल तुला हवी होती पाच, पण मागितलीस अकरा जणांकडे. प्रत्येकाला वाटले, गिऱ्हाइकांची रीघ लागली; त्याने नाणी दाबून ठेवली. आज मी एकच नाणे अकरा जणांना दाखवले. त्यांना वाटले, नाणी बाजारात येऊ लागली."

"म्हणजे सराफ निर्दोष?"

"सराफ कुठला साधू? देता-घेता दोन रुपये तो ठेवणारच. पण भाव चढतो तो आपल्या निकडीने. औषध, काच, घोडे, सारे आपल्याला परदेशी नाण्यांत घ्यावे लागते. आपला रुपया परदेशी व्यापाऱ्यांना लागतो तो फक्त मिरी घ्यायला, तेही हंगामापुरता. म्हणून आपण नुसते घाबरलो तरी आपलाच रुपया उतरतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तुला होती, पण सगळी संशयात खर्ची पडली."

शिष्य ओशाळला. एवढ्यात वाटेतल्या एका सराफाने हाक मारली, "काय हो, पुन्हा कधी लागतील नाणी?"

बहिणीला महिन्याभराने पुन्हा औषध लागणार होते. शिष्याने सांगायला तोंड उघडले, क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "बघू."