स्फटिकाची गोशाळा

एका राज्यात कनकावली नावाची राणी होती. तिला आई आठवत नव्हती. आठवत होती ती पोवळी. पोवळी म्हणजे तांबूस रंगाची, शांत डोळ्यांची एक गाय. कनकावली तान्ही असताना तिची आई वारली आणि या गाईच्या दुधावर ती वाढली. लग्न झाले तेव्हा आंदणात तिने हत्ती नाकारले, घोडे नाकारले, पोवळी तेवढी मागून घेतली.

राणी झाल्यावर तिच्या मनाने घेतले, की माझ्या आईने चिखलात आणि शेणात का उभे राहावे? त्या राज्यातल्या डोंगराच्या पोटात एका यक्षाचा स्फटिकाचा खजिना होता. राणी तिथे गेली आणि तिने शिळा मागितल्या.

“ने,” यक्ष म्हणाला. “पण या स्फटिकावर कोणी दुःखात उभे राहिले आणि त्या दुःखाला कोणी सुख समजले, तर तुझे सोडून तुझ्या राज्यातले एकही पाऊल उचलणार नाही.”

“माझ्या गोशाळेत कसले आले दुःख?” राणी हसून म्हणाली. चांगल्या माणसांच्या हातून मोठ्या चुका होतात त्या अशाच, हसत हसत.

गोशाळा उभी राहिली. तिची फरशी इतकी गुळगुळीत, की येता-जाता चंद्र तीत आपले तोंड पाहून घेई. पोवळीच्या सोबतीला राणीने राज्यातल्या भाकड, टाकून दिलेल्या गाईही आणवल्या. गाई फरशीवर घसरू लागल्या, म्हणून त्यांची दावी आखूड केली. दावी रेशमाची होती, हे सांगायला हवे. वैरणीने फरशी मळते, म्हणून वैरण बंद झाली आणि सकाळ-संध्याकाळ तुपातल्या पुरणपोळ्या, गूळ आणि गव्हाची खीर सुरू झाली. राणी रोज स्वतः पोवळीचे पाय धुई, त्यांवर हळदकुंकू वाही आणि गाणे म्हणे. गाणे चालू असता पोवळी कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देई.

“पाहा, माझ्या गाण्यावर डुलते!” राणी म्हणे.

“डुलते हो, महाराणी,” दासी म्हणत. राजवाड्यात होला हो मिळवणाऱ्यांचा दुष्काळ कधी पडलेला नाही.

मग एके सकाळी राज्य थांबले. राजा सिंहासनावरून उतरत होता, तो पायरीवरच खिळला. पाणवठ्यावर बायका डोक्यावर घडे घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या. एक मूल पहिले पाऊल टाकायला निघाले होते. ते तसेच उभे राहून रडू लागले. पाय चालत होते ते एकट्या राणीचे.

“यक्षाचा शब्द आठव,” राजा म्हणाला. “ते दुःख शोध, राणी. लवकर शोध.”

राणी धावत गोशाळेत आली. फरशी लखलखत होती, समया तेवत होत्या. “इथे तर सगळ्या सुखात आहेत,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

पोवळीच्या पाठीवर एक गायबगळा बसला होता. तो बोलला, “राणी, मी सांगितले तर तुला पटणार नाही. तीन कामे कर. पहिले काम, पोवळीशेजारी अनवाणी उभी राहा. गळ्यात दावे घे. सूर्य मावळेपर्यंत हलू नकोस.”

राणी उभी राहिली. दुपार कलली तशा टाचा पेटल्या, पोटऱ्या भरून आल्या. ती नकळत एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेऊ लागली. सहज तिने शेजारी पाहिले. पोवळीही तेच करत होती, आणि आज तर गाणे चालू नव्हते. 

“दुसरे काम,” बगळा म्हणाला. “उद्या दिवसभर त्यांचेच जेवण जेव. दुसरा घास नाही.”

राणीने पुरणपोळ्या खाल्ल्या, गूळ खाल्ला, खीर खाल्ली. संध्याकाळी तोंड आंबले, पोट फुगले, आणि कोरड्या भाकरीच्या तुकड्यासाठी तिचा जीव कासावीस झाला.

“तुला भाकरी हवीशी वाटते. त्यांना वैरण हवी,” बगळा म्हणाला. “गोडधोडाने गाईच्या पोटात पेटलेली आग खुरांत उतरते. आता तिसरे काम. पोवळीचा पाय उचल आणि तळ पाहा.”

या पायांवर राणीने किती कुंकू वाहिले होते. उचलून मात्र एकदाही पाहिले नव्हते. तिने तो पाय मांडीवर घेतला. खूर वाढून वेडेवाकडे वळले होते. तळ काळा पडला होता, मधोमध खोल जखम होती आणि जखमेला घाण वास येत होता. पोवळी थरथरली, पण तिने लाथ मारली नाही.

“हिला दुखते आहे,” राणी म्हणाली. “फार दिवसांपासून दुखते आहे. आणि हे मी केले.”

शाप तुटला. स्फटिकाच्या शिळा उठल्या आणि एकामागून एक डोंगराकडे निघून गेल्या. खाली जुनी माती होती. राजा पायरी उतरला, घडे घरी पोचले, मुलाने पाऊल टाकले. राजाने आज्ञा केली, की दावी सोडा, कुरणे मोकळी करा, गोठ्यात कोरड्या पेंढ्याची गादी घाला आणि वेळच्या वेळी प्रत्येक गाईचे खूर पाहून तासा. दुसऱ्या सकाळी गाई लंगडत बाहेर पडल्या. पुढे नवे खूर आले तशा पुष्कळ जणी धड चालू लागल्या.

पोवळीला मात्र माणसांनी उचलून कुरणात न्यावे लागले.

“चौथे काम सांग,” राणी बगळ्याला म्हणाली. “हवे तेवढे अवघड सांग. हिचा पाय बरा होऊ दे.”

“शाप होता तो तुटला, राणी. आतले हाड सडले आहे, तो शाप नव्हे. ते नुसते दुखणे आहे, आणि त्याला उशीर झाला.” एवढे बोलून बगळा उडून गेला.

पोवळीने राणीचा हात चाटला. त्यापेक्षा तिने शिंग मारले असते तर राणीला बरे वाटले असते.

दिवस कलता कलता सारे नगर ढोल-ताशे वाजवत, राणीचा जयजयकार करत कुरणाकडे आले. राणीने गवतातून हात वर केला.

“थांबवा ते,” ती म्हणाली. “किती दिवसांनी आज तिने पाय पसरलेत. तिला निजू द्या.”

ढोल थांबले. माणसे हलक्या पावलांनी माघारी गेली, आणि पोवळी निजली ती पुन्हा उठली नाही.