काळडोहातली लढाई

त्या दिवशी थंडी अशी पडली होती, की कबुतरं राजवाड्याच्या हौदावर उतरायची, पाण्याला चोच लावायची आणि तशीच उडून जायची. ऊन होतं, पण नावाला. भिवसन पाटकरी घोंगडी पांघरून दिवाणखान्याच्या दाराशी बसला होता. आजचा त्याचा चौथा दिवस.

काम एवढंसं. भिवसन गावच्या पाटाचं पाणी पाळीपाळीनं शेतांना वाटायचा. पण बंधाऱ्याची फळी राजाच्या शिक्क्याशिवाय उघडत नसे. गहू ओंबीवर आलेला. आणखी दोन दिवसांत पाणी मिळालं नाही, तर गावाचा दाणा पोचट राहणार होता. आणि राजा हंसराज लढाईत गुंतलेला.

लढाई खरी नव्हती, सोंगपटाची होती. या खेळात जो तो एक सोंग घेई. राजा झाला होता वज्रबाहू वीर, सेनापती मांत्रिक आणि दिवाणजी चोर. मधे अनंतभट कथेकरी पोथी उघडून बसे आणि राक्षसाच्या वतीनं बोले. ज्याची पाळी, त्यानं चाल सांगायची, फासे टाकायचे. वार लागला की चुकला, ते पोथी सांगणार. चाळीस घाव लागले की राक्षस मरणार. अकरा दिवसांत नऊ लागले होते.

पाळी आली की सेनापती विडा जुळवायला घेत आणि म्हणत, "हां, तर कुठवर आलं होतं?" मग कोणता मंत्र टाकावा, याचा खल. तोवर दिवाणजी पेंगत. त्यांना हलवून उठवलं की ते विचारत, "मेला का?" आणि सगळं पहिल्यापासून ऐकून घेत. राजाची पाळी तर जेवणाआधी सुरू होई नि जेवणानंतर संपे.

भिवसननं उठून मुजरा केला. "महाराज, तेवढा शिक्का."

"लढतोय ते दिसत नाही? राक्षस मेल्याशिवाय राज्याचं कामकाज नाही."

"कधी मरंल तो?"

"त्यालाच विचार."

दिवाणजी जांभई देत म्हणाले, "एवढी निकड असेल तर यालाच सांगा की मारायला."

राजाला गंमत वाटली. "ठरलं! दिवस मावळायच्या आत ही लढाई संपव, शिक्का तुझा. पण पोथीतला काना-मात्रा बदलायचा नाही. राक्षसाचा एक घाव कमी करायचा नाही. आणि माझ्या माणसांना 'लवकर करा' म्हणायचं नाही. म्हणालास, की शिक्का होळीपर्यंत पेटीत."

सगळे हसले. भिवसननं सावकाश कान खाजवला. "म्हंजे पोथीत आहे तसंच सगळं व्हायला पाहिजे?"

"तसंच. माझा शब्द."

"मग भटजीबुवा, राक्षस राहतो कुठं तेवढं वाचा की. मला अक्षर येत नाही."

अनंतभटांनी पान उलटलं. "राक्षस काळडोहात राहतो. ज्याची पाळी, त्याने डोहाच्या गार पाण्यात उभे राहून वार करावा."

"आणि उभं कोण होतं?"

"आम्ही सगळेच," सेनापती तक्क्याला टेकून म्हणाले. "मनातल्या मनात."

"मनातलं पाणी गार नसतं, सरकार," भिवसन म्हणाला आणि मुदपाकखान्याकडे चालू लागला.

परतला तो चार भोयांना घेऊन. त्यांच्या हातात वाड्यातलं सगळ्यात मोठं तांब्याचं घंगाळ होतं, हौदाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेलं. ते त्यानं पटाशेजारी ठेवलं. "हा डोह. पाळी सेनापतींची. काही घाई नाही, निवांत होऊ द्या."

सेनापतींनी राजाकडे पाहिलं. राजानं पोथीकडे पाहिलं. शब्द दिलेला होता. सेनापतींनी तुमान वर केली, एक पाय घातला, दुसरा घातला आणि त्यांचे डोळे कपाळात गेले. "अग्निमंत्र! टाका फासे!"

तीन घाव लागले. सेनापती बाहेरही आले.

दिवाणजींची झोप उडाली. ते घंगाळाकडे बघत बोटांवर काहीतरी मोजू लागले. पाळी आली तेव्हा पाय पाण्यात टेकतात न टेकतात तोच म्हणाले, "मागून जाऊन सुरा!"

मग राक्षसाची पाळी. अनंतभटांनी घसा खाकरला. राक्षसाची गर्जना ते घटकाभर रंगवून सांगत. भिवसननं नम्रपणे घंगाळाकडे हात केला. "राक्षसपण तिथंच राहतो ना, बुवा?"

राक्षस त्या दिवशी फार थोडक्यात गरजला.

दुसऱ्या फेरीपासून मंडळी तुमानी सावरून ओळीनं उभी राहिली. कोण काय करणार ते आधीच ठरलेलं. विड्यांचं तबक कोपऱ्यात तसंच पडलं. राजा तर एका पायावर उभा राहून आरोळी ठोकायचा, "गदा, डोक्यात!" आणि दुसरा पाय ओला व्हायच्या आत उडी मारून बाहेर. उन्हं गच्चीवरून उतरायच्या आधी चाळिसावा घाव बसला नि राक्षस मेला.

राजानं पाय शालीत गुंडाळले आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला. "एकदाही 'लवकर करा' म्हणाला नाहीस रे. सुचलं कसं?"

"आमच्याकडं पाण्याची पाळी अशीच असते, महाराज. पौषात पहाटे पाटात उभा माणूस कुठला वाफा आधी, ते घरूनच ठरवून येतो."

राजा पुन्हा हसला. शिक्का उमटला. वर हातातलं सोन्याचं कडं, ते घंगाळ आणि पुढच्या प्रत्येक लढाईला डोह भरायचा मान. घंगाळासकट त्याला गावी पोचवायला बैलगाडीही जुंपली.

दुसऱ्या दिवशी फळी उघडली. पाणी खळखळत पाटात आलं. पहिली पाळी शेजारच्या उखाची. तो पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभा राहून फावड्यानं बांध फोडत होता. त्यानं मान वर करून भिवसनकडे पाहिलं.

"एका शिक्क्याला चार दिवस लावलेस, भिवसनदादा. तुझं मेलं सगळंच सावकाश."